शेवटावर मुलांचा विश्वास का बसला नाही

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही किशोरांसाठी कादंबरी लिहिली आहे. नायिका १४ वर्षांची. वडिलांना अपघात होतो, काम सुटतं, कर्ज डोक्यावर चढतं, राहतं घर सोडून चौघांना एका खोलीत जावं लागतं आणि तिची शाळा सहा महिने बंद पडते. शेवटी ती पुन्हा शाळेत जाते. छापायच्या आधी तुम्ही हस्तलिखित २० जणांना वाचायला दिलंत, निम्मी मुलं आणि निम्मे मोठे. उत्तरं आली ती अशी: ‘रडवलंत हो’, ‘फार प्रेरणादायी’, ‘मुलांना इतकं दुःख कशाला’, ‘मध्ये कंटाळा आला’, ‘शेवट पिक्चरसारखा’. एका मुलानं तर नुसतं ‘ठीक आहे’ एवढंच लिहिलं. आता यातलं कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारता. सोबत शेवटची तीन प्रकरणं, सगळ्यांचे अभिप्राय आणि त्यांनी वाचलेल्या प्रती पाठवल्यात ते बरं केलंत, नाहीतर मी हवेतच बोलले असते.

गेली बावीस-तेवीस वर्षं मी मुलांची आणि किशोरांची पुस्तकं संपादित करते आणि जमेल तसं मुलांचं वाचन-मंडळही चालवते. त्यावरून सांगते, आधी या अभिप्रायांचे दोन गठ्ठे करा, मोठ्यांचा वेगळा आणि मुलांचा वेगळा. ते एकत्र ठेवलेत तर डोकं फिरेल, कारण दोघांच्या तक्रारी एकाच गोष्टीबद्दल नाहीतच. मोठ्यांना खुपतं ते दुःख. मुलांना संशय येतो तो आशेचा. तुमच्याकडेच पाहा ना. ‘इतकं दुःख कशाला’ म्हणणारे चारही जण मोठे आहेत आणि शेवटाला नाक मुरडणाऱ्या पाचांपैकी चार मुलं आहेत.

याचं कारण सोपं आहे. मोठा माणूस असं पुस्तक स्वतःसाठी वाचतच नाही. त्याच्या मनात एक मूल बसलेलं असतं, बहुतेक वेळा स्वतःचंच, आणि त्याला हे झेपेल का, एवढंच तो पानापानावर तपासत असतो. मुलगा किंवा मुलगी मात्र स्वतःसाठी वाचते. तिला दुःखाची भीती फारशी नसते, फसवलं जाण्याची असते. ‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य तिनं मोठ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेलं असतं आणि त्यातलं किती खरं झालं याचा हिशोब तिच्यापाशी पक्का असतो.

आता तुमच्या शेवटाकडे येते, कारण खरी गाठ तिथं आहे. शेवटून दुसऱ्या प्रकरणात वर्गशिक्षिका दारात उभ्या राहतात, हातात पावती. ‘फी भरली आहे. सोमवारपासून यायचं.’ मुलगी रडते, आई रडते, प्रकरण संपतं. याच पानाच्या समासात एका मुलीनं पेन्सिलीनं लिहिलंय, ‘मॅडमना आत्ता कसं कळलं?’

हे एवढंसं वाक्य तुमच्या वीस अभिप्रायांतलं सगळ्यात मोलाचं आहे. तिला मॅडम आलेल्या आवडलेल्या नाहीत असं नाही. ती विचारते आहे की सहा महिने या बाई होत्या कुठे? बाक रिकामं दिसत नव्हतं? आणि ज्या अर्थी त्या आज आल्या, त्या अर्थी आदल्या आठवड्यात काहीतरी झालं असणार. ते काय झालं, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. तुम्ही आशा नायिकेच्या घरी पोचती केलीत, पण ती निघाली कुठून ते दाखवलं नाहीत. मुलांना हे लगेच कळतं. ‘पिक्चरसारखा’ म्हणणाऱ्या पोरालाही हेच म्हणायचंय, त्याला फक्त जागेवर बोट ठेवता आलं नाही.

उपाय म्हणून मॅडमना काढून टाकू नका. पुष्कळ लेखक घाबरून तेच करतात, मदतीचा प्रत्येक हात छाटतात आणि मग नायिका एकटीनं डोंगर उचलते. तो खोटेपणा पहिल्यापेक्षा मोठा, कारण अडचणीतून माणसं एकटी क्वचितच निघतात. मदत येऊ द्या. तिला मूळ द्या. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात मॅडम एकदा येऊन जाऊ देत. त्यांनी ‘काही अडचण आहे का?’ असं विचारावं आणि मुलीनं ‘नाही, ताप होता’ असं धडधडीत खोटं सांगावं. मॅडमनी ते खरं मानावं, कारण खरं मानणं सोयीचं असतं. झालं. आता सहा महिन्यांचा हिशोब लागला आणि शेवटी जेव्हा ही मुलगी स्वतः जाऊन ‘मी तेव्हा खोटं बोलले होते’ असं म्हणेल, तेव्हा तो तुमच्या कादंबरीचा कळस होईल. पावतीचा प्रसंग मग दोन ओळींत उरकला तरी चालेल.

हा मागण्याचा प्रसंग तुम्ही टाळलात, हे मला तीन प्रकरणं वाचताना जाणवत राहिलं. हलाखीत सगळ्यात अवघड काय असतं? उपास नव्हे, फाटके कपडे नव्हेत. तोंड उघडून मागणं. ते लिहायला लेखकालाही जड जातं, म्हणून आपण मदत न मागता येऊ देतो. ज्या वाचकानं कधी मागितलंय त्याला ही पळवाट ताबडतोब दिसते.

हे मी शहाणपणानं सांगतेय असं समजू नका, ठेच खाऊनच शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी मी संपादित केलेल्या एका कादंबरीत मुलाकडे नव्या वहीसाठी पैसे नव्हते, म्हणून तो रात्रभर बसून जुन्या वहीतलं खोडरबरानं खोडतो आणि सकाळी तीच वही घेऊन वर्गात जातो, असा प्रसंग होता. लेखकाला आवडला, मला आवडला, मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही सुटला. मुखपृष्ठावर तेच चित्र घेतलं. पुस्तक आल्यावर महिनाभरात एका सातवीतल्या वाचकाचं पत्र आलं. तीनच ओळी. पेनाचं खोडरबरानं जात नाही, जोरात खोडलं तर कागद फाटतो. आम्ही मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढून दाभणानं शिवतो. बाकी पुस्तक चांगलं आहे.

त्या मुलाच्या पत्रात राग नव्हता. पण पुस्तक लिहिणारा आणि ते निस्तरणारी, दोघंही कुठल्या बाजूला उभे आहेत हे त्याला कळलं होतं आणि त्यानं ते आम्हाला सभ्यपणे कळवलं. पुढच्या आवृत्तीत प्रसंग बदलला. चित्र राहिलं ते राहिलंच, अजून पाहिलं की टोचतं.

रूडीन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासिकेनं १९९० साली एका निबंधात मुलांच्या पुस्तकांसाठी आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार अशा तीन उपमा वापरल्या. काही मुलांना पुस्तकात स्वतःचं जग दिसतं, काहींना दुसऱ्याचं जग दिसतं आणि दार सरकवलं की त्या जगात पाऊलही टाकता येतं. त्यांचा मुख्य रोख होता तो ज्या मुलांना आरसा मिळतच नाही त्यांच्याकडे. तुमचे अभिप्राय लावताना मला ही उपमा फार कामाला येते. तुमच्या दहा मुलांपैकी कुणासाठी ही कादंबरी खिडकी होती आणि कुणासाठी आरसा, हे ठाऊक आहे का तुम्हाला? खिडकीतून पाहणारा म्हणतो, ‘बिचारी’. आरशात पाहणारा म्हणतो, ‘खोडरबरानं जात नाही’. पहिल्याचा अभिप्राय गोड असतो, दुसऱ्याचा उपयोगी. आणि ‘आरसा कोण’ हे मुलांना थेट विचारायचं नाही बरं का. कळायचं असेल तर बोलण्यातून आपोआप कळतं, नाही कळलं तर तो त्यांचा हक्क आहे.

‘रडवलंत’ या शेऱ्यावर फार भाळू नका. रडवणं सोपं असतं. आजारी माणूस, लहान भावंडं आणि पाऊस एका प्रकरणात आणले की कुणीही रडेल. त्यापेक्षा रडू कुठे आलं ते विचारा. तुमच्या आठ रडणाऱ्यांपैकी सहा जणांना वडिलांच्या अपघातात रडू आलं, ते ठीकच. पण एक पंधरा वर्षांची मुलगी लिहिते की नायिका जुन्या शाळेवरून जाताना रस्ता बदलते तिथं तिला रडू आलं. त्या प्रसंगात तुम्ही एकही अश्रू लिहिलेला नाही. ती फक्त पलीकडच्या पदपथावर जाते आणि लहान भावाला सांगते, ‘इकडून सावली आहे.’ हे पान तुम्हाला साधलंय. याला आता हात लावू नका. अशी आणखी दोन पानं निघाली तर अपघाताच्या प्रकरणातली निम्मी विशेषणं आपोआप गळतील.

‘प्रेरणादायी’ हा शब्द मात्र मी सरळ बाजूला ठेवते. मुलांकडून तो आला तर समजावं की मूल परीक्षेच्या बाकावर बसलंय. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रिया तपासल्या. त्यावरचं पुस्तक १९२९ साली आलं. त्यात त्यांनी ‘साचेबंद प्रतिसाद’ ही अडचण नोंदवली आहे, म्हणजे कविता वाचायच्या आधीच वाचकाच्या खिशात तयार असलेली भावना. हलाखी आणि जिद्द म्हटलं की आपल्या सगळ्यांच्याच खिशात एक तयार भावना असते. ‘या पुस्तकातून मला असं शिकायला मिळालं की...’ अशी सुरुवात दिसली की पुढचं वाक्य न वाचताही मला सांगता येतं. त्यात मुलांचा दोष नाही. प्रत्येक धड्याखाली तात्पर्य शोधायला आपणच त्यांना शिकवलंय.

लुईझ रोझेनब्लाट या अमेरिकी अभ्यासिकेनं १९३८ पासून हा मुद्दा लावून धरला होता की साहित्यकृतीचा अर्थ नुसत्या पानावर नसतो आणि नुसत्या वाचकाच्या डोक्यातही नसतो, दोघांच्या देवघेवीतून तो घडतो. वाचताना माणूस एकतर काहीतरी ‘घेऊन जायला’ वाचतो, नाहीतर त्या क्षणात राहायला. औषधाच्या बाटलीवरचं लेबल पहिल्या पद्धतीनं वाचतात, कविता दुसऱ्या. तुमचं पुस्तक ‘सांग, काय शिकलास?’ असं विचारून दिलं गेलं की मूल ते लेबलासारखं वाचतं आणि लेबलासारखाच अभिप्राय देतं. तुम्ही वाचकांना जी प्रश्नावली दिलीत त्यातला चौथा प्रश्न आहे, ‘कादंबरीतून कोणता संदेश मिळाला?’ तो प्रश्न काढा. त्या एका प्रश्नानं तुमच्या दहा मुलांपैकी सहा जण बिघडवले आहेत.

मग विचारायचं काय? मी तीन गोष्टी विचारते. पुस्तक कुठे खाली ठेवलंस? (कंटाळून का भूक लागली म्हणून, ते नंतर.) सगळ्यात जास्त राग कुणाचा आला? आणि पुस्तक संपल्यावर एका वर्षानं ही मुलगी काय करत असेल?

तिसऱ्या प्रश्नावर माझा फार भरवसा आहे. उत्तर ‘डॉक्टर होईल’, ‘पहिली येईल’ असं आलं तर आशा वाचकाच्या गळी उतरलेली नाही, त्यानं ती परीकथेच्या खणात टाकली आहे. ‘गणितात नापास होईल, पण जात असेल शाळेत’, ‘वर्गात एकटीच मोठी दिसत असेल’, ‘भावाला ती अजून ओरडत असेल’ अशी उत्तरं आली तर ती मुलगी वाचकाच्या डोक्यात जिवंत आहे आणि पुढची वर्षं तो स्वतः लिहितो आहे. किशोरांच्या पुस्तकातली आशा म्हणजे माझ्या लेखी एवढंच, पुस्तक मिटल्यावरही त्या पात्राचा उद्याचा दिवस वाचकाला दिसला पाहिजे. तो दिवस चांगलाच असावा अशी अट नाही.

रागाच्या प्रश्नावरून आणखी एक सांगते. तुमची नायिका २०० पानांत एकदाही चिडत नाही. कर्जावर नाही, वडिलांवर नाही, ज्या मैत्रिणीनं बोलणं सोडलं तिच्यावरही नाही. एका मुलानं लिहिलंय, ‘ही फारच चांगली आहे.’ ती तारीफ नाही, टोमणा आहे. गरिबी आली म्हणून माणूस संत होत नाही. उलट घर लहान झालं की भांडणं वाढतात, अंथरुणाच्या जागेवरून, दिवा कधी मालवायचा यावरून. वडिलांच्या दुखऱ्या पायाचा तिला एकदा तरी मनापासून कंटाळा येऊ द्या आणि लगेच त्याची शरम वाटू द्या. वाचक तिच्यावर जास्त माया करतील, कमी नाही.

‘मध्ये कंटाळा आला’ ही तक्रार सातजणांनी केली आहे आणि ती खरी आहे. अपघात, कर्ज, घर जाणं, आईचं आजारपण, चोरी, भावाचा ताप. एकापाठोपाठ एक. चौथ्या संकटाला वाचक बधिर होतो आणि पाचव्याला हसतो. चोरी काढून टाका, तिच्यामुळे पुढे काहीच घडत नाही. आणि मध्ये हसू आणा. अडचणीतल्या घरांत लोक हसत नाहीत हा ज्यांनी अडचण पाहिली नाही त्यांचा समज. एका खोलीत चौघं राहिली की विनोद आपोआप होतात, तुमच्या भावाच्या पात्रात ती ताकद आहे, त्याला नुसता तापात लोळवू नका.

मोठ्यांच्या गठ्ठ्यातलं एक मात्र जपून घ्या. वडील एका रात्री घरी येत नाहीत आणि आई त्यांना शोधायला निघते, तो प्रसंग गाळा असं दोघांनी म्हटलंय. गाळू नका. पण त्यात वडिलांच्या मनात काय होतं याचा जो तपशील तुम्ही दिलाय, कुठे गेले, काय करणार होते, तो काढा. आत्महत्येचा विचार लिहिताना पद्धत आणि जागा यांचं वर्णन टाळावं, हा संकेत वृत्तपत्रांसाठीही आहे, मग किशोरांच्या पुस्तकात तर हवाच. आई त्यांना घेऊन परत येते आणि कुणी काही बोलत नाही, मुलगी अंधारात दोघांच्या चपलांचे आवाज मोजते, एवढं पुरेसं आहे. मोठ्या वाचकांचीही भीती बरीच कमी होईल, कारण ती भीती मुळात त्या तपशिलाची आहे.

शेवट बदलू का, असं तुम्ही पत्रात दोनदा विचारलंय. वाचकाच्या सांगण्यावरून शेवट बदलण्याची परंपरा जुनी आहे. डिकन्सनी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट बुलवर-लिटन या लेखकमित्राच्या सल्ल्यावरून छापायच्या आधी बदलला. १८६१ मध्ये कादंबरी पूर्ण झाली ती बदललेल्या, जरा आशेच्या शेवटासह. मूळचा उदास शेवट डिकन्स गेल्यावर त्यांच्या चरित्रातून लोकांपुढे आला आणि कुठला बरा यावर वाचक अजून भांडतात. उलट रॉबर्ट कॉर्मिएर या अमेरिकी लेखकांना ‘द चॉकलेट वॉर’ या किशोर-कादंबरीचा शेवट जरा सुसह्य करा असं प्रकाशक सांगत होते, त्यांनी ऐकलं नाही, १९७४ साली पुस्तक तसंच आलं. त्याच्यावरही वाद थांबलेले नाहीत. तेव्हा शेवट बदलून वाद मिटेल ही आशा सोडा. तुमचा शेवट मला बरोबर वाटतो. मुलगी शाळेत गेली पाहिजे. बिघाड शेवटाच्या चाळीस पानं आधी आहे.

पुस्तक आल्यावर आणखी एका तऱ्हेची प्रतिक्रिया येईल, तिची तयारी आत्ताच ठेवा. एखादं मूल तुम्हाला लिहील, ‘आमच्याकडेपण असंच आहे.’ तिथं पुस्तकाबद्दल बोलू नका आणि ‘जिद्द सोडू नकोस’ असलं तर बिलकुल लिहू नका. वाचलं, विश्वास बसला, एवढं आधी सांगा. मग तिच्या आसपास विश्वासाचं मोठं माणूस कोण आहे ते विचारा, आणि मूल धोक्यात आहे असं वाटलं तर स्वतःपाशी न ठेवता जाणत्या माणसाची मदत घ्या. आपण लेखक-संपादक आहोत, समुपदेशक नाही. मी एकदा अशा पत्राला चार पानी उत्तर लिहिलं होतं, स्वतःवर फार खूश होऊन. पलीकडून पुन्हा काही आलं नाही. आता मी सहा-सात ओळी लिहिते आणि शेवटी एक प्रश्न ठेवते, म्हणजे उत्तर द्यायला जागा राहते.

आता राहिला तो ‘ठीक आहे’वाला मुलगा. त्याची प्रत तुम्ही बाकीच्यांबरोबर मला पाठवलीत, पण उघडून पाहिली नसावी. सगळ्या प्रतींत तीच सर्वांत जास्त मळलेली आहे. ११८व्या पानाचा कोपरा दुमडलाय, उलगडलाय आणि परत दुमडलाय. त्या पानावर नायिका नव्या जागेचा पत्ता शाळेच्या अर्जात लिहिताना थांबते आणि जुनाच पत्ता लिहिते. त्याला या पानाबद्दल काहीही विचारू नका. नवा मसुदा झाला की पहिल्यांदा त्याच्याकडे द्या, प्रश्नावलीशिवाय, आणि परत कधी हवाय तेही सांगू नका. बाकीच्यांना पुन्हा देऊ नका, त्यांना गोष्ट माहीत झाली आहे. त्यांच्याऐवजी नवी पाच-सहा मुलं शोधा. मला मॅडमच्या पहिल्या भेटीचं प्रकरण तेवढं पाठवा, ते तापाचं खोटं जमलंय का ते पाहायचंय.